तासांचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

लंडन किंवा न्यूयॉर्क येथील गुंतवणूक बँकांत उन्हाळ्याचे नऊ-दहा आठवडे रात्रीचा दिवस करणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न कामगार चळवळीच्या कक्षेत येतो, असे कोणी म्हटले तर आपल्याकडील पुष्कळ कार्यकर्ते हसतील. हसण्यास कारणही आहे. मुकादमाची उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्या आणि नवरा-बायको मिळून अंधारातच फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजुरांचे तास मोजण्यास ज्या समाजाला अद्याप सवड झालेली नाही, त्याने टाय बांधून वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्या सधन घरच्या मुलांसाठी उसासे कशाला टाकावयाचे? दोन वर्षांनी ही मुले इतरांच्या कित्येक पट पगार घेतील. आणखी दहा वर्षांनी त्यांतील काहीजण कारखाने बंद करण्याचे सल्ले देऊन दलाली कमावतील. हे सारे खरे आहे. तथापि येथे दयेचा प्रश्नच नाही. प्रश्न कामाच्या तासांचा आहे. आणि तासांवरील मर्यादा एका ठिकाणी मोडली की ती तेवढ्या ठिकाणीच मोडलेली राहत नाही, हा चळवळीचा जुना अनुभव आहे.

गुंतवणूक बँक म्हणजे ठेवी स्वीकारणारी, खिडकीवर पासबुक भरून देणारी बँक नव्हे. कंपन्यांचे समभाग बाजारात विकून देणे, कर्जरोखे उभारून देणे, एका कंपनीला दुसरी गिळावयाची असेल तर तिचे मोल ठरवून सौदा जुळविणे आणि अशा प्रत्येक व्यवहारावर दलाली घेणे, हा तिचा धंदा. नोकरीत घेण्यापूर्वी विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षाआधीच्या सुट्टीत पारखून घेण्याची तिची रीत आहे. तिला इंटर्नशिप म्हणतात. मराठीत यासाठी 'उमेदवारी' हा चांगला जुना शब्द आहे. पूर्वी कोर्टकचेऱ्यांत आणि पेढ्यांवर असे उमेदवार असत, आणि कायम होण्याच्या आशेवर फुकट राबत. नव्या उमेदवाराला पैसे मिळतात, एवढाच काय तो फरक. जागांसाठी झुंबड मात्र विलक्षण असते. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन बँकेकडे २०२४च्या उन्हाळी उमेदवारीसाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले. शंभरांत एकालाही जागा मिळाली नाही. एवढ्या चाळणीतून जो खाली उतरतो, त्याला आरंभापासूनच असे वाटू लागते की आपल्यावर कोणीतरी मोठा उपकार केला आहे. ही भावना बँकेच्या फार उपयोगी पडते.

या उमेदवाराचा दिवस कसा जातो, हे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यातच पुढील विवेचनाची किल्ली आहे. तो सकाळी नऊच्या सुमारास कचेरीत येतो. त्याच्या डोक्यावर उतरंड असते: सर्वांत खाली त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा अनॅलिस्ट, त्यावर असोसिएट, त्यावर व्हाइस प्रेसिडेंट, आणि सर्वांत वर सौदे आणणारा मॅनेजिंग डायरेक्टर. दिवसा वरची मंडळी ग्राहकांच्या बैठकांत, प्रवासात किंवा दूरध्वनीवर असतात. त्यामुळे उमेदवाराला दुपारपर्यंत पुष्कळदा फारसे काम नसते. कामात असल्याचा चेहरा करून बसणे हेच त्याचे काम असते. सायंकाळी सहा-सातच्या सुमारास वरिष्ठ मोकळे होतात, सकाळच्या मसुद्यावर शेरे मारतात आणि तो खाली सरकवितात. प्रत्येक पायरीवर थोडे शेरे वाढतात. शेवटी तो कागद उमेदवाराच्या मेजावर येतो तेव्हा रात्रीचे दहा झालेले असतात, आणि दुरुस्त प्रत सकाळी आठला हवी असते.

कागद तरी कसला? बहुधा तो 'पिच बुक' असतो. ग्राहकाला भुलविण्यासाठी केलेली साठ-सत्तर पानांची सचित्र पोथी म्हणजे पिच बुक. तिच्यात आलेख असतात, तुलनात्मक तक्ते असतात, पानाच्या कोपऱ्यात कंपनीचे बोधचिन्ह असते. आलेखाची निळी छटा बदलणे, तळटीपा एका रेषेत आणणे, एक्सेलच्या तक्त्यातील बारा कंपन्यांच्या नफ्याचे आकडे पुन्हा पडताळणे, अशी कामे पहाटे तीनपर्यंत चालतात. या पोथ्यांतील बहुसंख्य पोथ्यांतून सौदा निघत नाही. ग्राहक पहिली दहा पाने चाळतो आणि चहा मागवितो. पोथी अधिक जाड असावी, शेजारच्या बँकेच्या पोथीहून दोन तक्ते तिच्यात जास्त असावेत, एवढ्याचसाठी तीन माणसे रात्रभर जागलेली असतात. ठरावीक वेळेनंतर थांबणाऱ्याला रात्रीचे जेवण बँकेच्या खर्चाने मिळते. आणखी उशीर झाला तर घरी जाण्यास मोटार मिळते. लंडनमध्ये या मोटारीवरून एक वाक्प्रचारच रूढ झाला होता: पहाटे मोटार उमेदवाराला खोलीवर सोडते, तो अंघोळ करून कपडे बदलीपर्यंत दाराशी उभी राहते आणि त्याला परत कचेरीत आणून घालते. या फेरीला ती मुले 'जादूचा चक्रपाळणा' अशा अर्थाचे नाव देत. त्यांना त्यात काहीसा अभिमानही वाटे.

'थांब' असे त्याला कोणी म्हणत नाही, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. 'जा' असेही कोणी म्हणत नाही. शेजारच्या मेजावरचा उमेदवार उठलेला नसतो, म्हणून हा उठत नाही. आणि हा उठलेला नसतो, म्हणून तो उठत नाही. आठवड्याअखेरीस कोणाकोणाला कायम नोकरीचे पत्र मिळणार याच्या कानगोष्टी चालतात. निकष कोणालाच ठाऊक नसतात. जेथे निकष ठाऊक नसतात तेथे दिसण्याजोगी एकच गोष्ट शिल्लक राहते. ती म्हणजे खुर्चीवर बसून काढलेले तास.

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील विद्यार्थी वसतिगृहाच्या स्नानगृहात एक २१ वर्षांचा जर्मन विद्यार्थी मृतावस्थेत आढळला. बँक ऑफ अमेरिका मेरिल लिंच या बँकेत त्याची उन्हाळी उमेदवारी चालू होती आणि ती संपण्यास थोडेच दिवस उरले होते. सलग तीन रात्री पहाटेपर्यंत तो काम करीत होता, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी झाली. त्याला अपस्माराचा विकार होता, आणि मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाला, असा निर्णय देण्यात आला. अतिश्रम हे झटक्याचे निमित्त असू शकेल, परंतु ते होतेच असे म्हणता येणार नाही, असे चौकशी अधिकाऱ्याने स्पष्ट केले. या निर्णयाच्या पलीकडे जाऊन बँकेवर खुनाचा आरोप करण्याचा मोह टाळला पाहिजे. जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाल्यासारखे बोलून कोणतीही चळवळ बळकट होत नाही.

परंतु ज्यांनी 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडातील कामाच्या दिवसावरील प्रकरण वाचले आहे, त्यांना हा निर्णय कोठेतरी पूर्वी ऐकल्यासारखा वाटेल. जून १८६३ मध्ये याच लंडन शहरात मेरी अ‍ॅन वॉकली नावाची वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी मरण पावली. उमराव स्त्रियांच्या नृत्यसमारंभासाठी पोशाख वेळेवर तयार व्हावेत म्हणून तिने साठ इतर मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास काम केले होते. शुक्रवारी ती आजारी पडली आणि रविवारी गेली. पंचांनी निर्णय दिला की मृत्यू मेंदूच्या विकाराने झाला. मात्र गर्दीच्या खोलीतील अतिश्रमाने तो लवकर ओढवला असावा, अशी भीती वाटण्यास जागा आहे. दोन निर्णयांमध्ये बरोबर दीडशे वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळी देह आधीपासूनच कोठेतरी दुबळा होता असे निघाले. माणसाचा देह कोठे ना कोठे दुबळा असतोच. तास मोजावे लागतात ते त्यासाठीच.

आता मूळ प्रश्न. एवढे तास का? काम फार असते म्हणून, असे उत्तर बँका देतात, आणि विद्यार्थीही तेच देतात. वर वर्णिलेला दिवस पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. दुपारी मेज रिकामे आणि मध्यरात्री धावपळ, हे काम अधिक असल्याचे लक्षण म्हणता येणार नाही. खालच्या माणसाच्या वेळेची किंमत वरच्याच्या लेखी शून्य असल्याचे ते लक्षण आहे. आणि ती शून्य का, हे हिशेब केला की कळते. २०१३ मध्ये त्या लंडनच्या उमेदवारांना वर्षाला ४५,००० पौंड या दराने वेतन मिळे, असा आकडा वृत्तपत्रांत आला होता. म्हणजे आठवड्याला सुमारे ८६५ पौंड. चाळीस तासांच्या आठवड्यात तासाला साडेएकवीस पौंडांहून थोडे अधिक पडतात. ही भरघोस मजुरी झाली. आठवडा शंभर तासांचा झाला की तासाला साडेआठ पौंड आणि वर काही पेन्स उरतात. त्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील प्रौढ कामगाराचे कायदेशीर किमान वेतन तासाला ६ पौंड १९ पेन्स होते. कचेरी झाडणारा कामगार आणि त्या कचेरीतील भावी धनिक यांच्यातील तासाचे अंतर इतके आखडते. आणि यातील महत्त्वाची गोष्ट अशी की चाळिसाव्या तासानंतरचे साठ तास बँकेला एका पौंडालाही पडत नाहीत. जे फुकट मिळते ते कोणी जपून वापरीत नाही. मॅनेजिंग डायरेक्टरला जर प्रत्येक जादा तासाचे दुप्पट पैसे आपल्या नफ्यातून मोजावे लागले असते, तर पोथीतील निळ्या रंगाच्या छटेविषयीचा त्याचा आग्रह पुष्कळच सौम्य झाला असता. शेरे दुपारी दोनलाच आले असते.

वरकड श्रम हा शब्द अभ्यासवर्गांत वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. त्याचा अर्थ समजून घ्यावयाचा असेल तर गिरणीपेक्षाही हे काचेचे मनोरे अधिक सोयीचे आहेत. गिरणीत निदान भोंगा असे.

या रात्रींच्या कामाचा आशय काय, हेही विसरता येत नाही. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचा तक्ता करताना 'सिनर्जी' या नावाची एक ओळ भरावी लागते. दोन कंपन्या एक झाल्यावर किती खर्च वाचेल, याचा तो अंदाज. व्यवहारात या खर्चाचा मोठा भाग म्हणजे माणसे: दोन हिशेब विभागांपैकी एक, दोन गोदामांपैकी एक, कधी एखादा संबंध कारखाना. पहाटे दोन वाजता, झोपेने डोळे चुरचुरत असताना, कधीही न पाहिलेल्या गावातील दोनशे माणसांच्या नोकऱ्या एका चौकटीत आकडा म्हणून भरण्याचे काम या विद्यार्थ्याकडे येते. तो दुष्ट नसतो. ती चौकट भरली नाही तर खालची बेरीज येत नाही, इतकेच त्याला दिसत असते. श्रमाचे तास इतके ताणले की आपण काय करतो याचा विचार करण्यासाठी लागणारी फुरसत उरत नाही, हा त्या तासांचा एक उपयोगच म्हणावा लागेल.

मुंबईच्या गिरणगावाला या उमेदवाराची ओळख फार जुनी आहे. तेथे त्याला बदली कामगार म्हणत. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळावे म्हणून बदलीवाले सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहत. १९३५ मध्ये मालकसंघाने बदली कार्डांची पद्धत आणली; कार्ड असलेल्याने रोज सकाळी हजेरी द्यावयाची, काम मिळेल न मिळेल. कायम होण्याची आशा त्याला वर्षानुवर्षे फाटकाशी खिळवून ठेवी. जॉबरला दुखवावयाचे नाही, संघटनेत नाव घालावयाचे नाही, जादा पाळीला नाही म्हणावयाचे नाही, हे शहाणपण त्याला कोणी शिकवावे लागत नसे. १९८२च्या संपात बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणी होती, हे जुन्या कार्यकर्त्यांच्या स्मरणात असेल. लंडनच्या गोदीतही हीच रीत होती. भरती-ओहोटीप्रमाणे काम, रोज सकाळी गोदीच्या फाटकाशी माणसांची गर्दी, त्यांतून मुकादम बोट दाखवील तो आत. त्या वेस्ट इंडिया गोदीच्या जागेवर आज कॅनरी व्हार्फ या भागात बँकांचे मनोरे उभे आहेत. आपल्याकडे लोअर परळला गिरण्यांच्या आवारांत वित्तसंस्थांच्या कचेऱ्या थाटल्या आहेत. जागा तीच, फाटकही एका अर्थाने तेच.

फरक आहे, आणि तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. बदलीवाल्याला काम मिळाले नाही तर चूल पेटत नसे. उमेदवाराला नोकरी मिळाली नाही तर दुसरी, थोडी कमी पगाराची, मिळते. परंतु ही मुले सारीच गर्भश्रीमंत असतात, हाही भ्रम आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क आता पंचवीस लाख रुपयांच्या वर गेले आहे. सांगलीच्या किंवा नांदेडच्या शिक्षकाचा मुलगा तेथे जातो तो बँकेचे कर्ज काढून. हप्ता सुरू होण्यापूर्वी मोठ्या पगाराची नोकरी हाती असणे, ही त्याची हौस नसते. ऊसतोड मजुराची उचल आणि या विद्यार्थ्याचे कर्ज यांची बरोबरी करणे अनुचित होईल. पण पैसा आधी देऊन नंतर माणसाला कामाला जुंपण्याची युक्ती दोहोंत सारखीच आहे.

२०१३च्या मृत्यूनंतर बँकांना जनलज्जा वाटली नाही असे नाही. त्याच वर्षी गोल्डमन सॅक्सने कनिष्ठांनी शुक्रवारी रात्री नऊपासून रविवारी सकाळी नऊपर्यंत कचेरीत येऊ नये असा नियम केला. बँक ऑफ अमेरिकाने जानेवारी २०१४ मध्ये महिन्यातून सुट्टीचे किमान चार दिवस मोकळे ठेवण्याची सूचना काढली. २०१५ मध्ये गोल्डमनने उन्हाळी उमेदवारांना मध्यरात्रीनंतर आणि सकाळी सातच्या आधी कचेरीत थांबण्यास मनाई केली. सतरा तासांचा दिवस ही सवलत म्हणून जाहीर करावी लागते, यावरून पूर्वीची स्थिती कळते. या नियमांचे पुढे काय झाले? फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच बँकेतील पहिल्या वर्षाच्या तेरा अनॅलिस्टांनी आपापसांत पाहणी करून वरिष्ठांसमोर ठेवली. आठवड्याला सरासरी ९५ तास काम आणि रात्रीची पाच तास झोप, असे तिचे निष्कर्ष होते. नोकरीपूर्वी आपल्या मनःस्वास्थ्याला त्यांनी दहांपैकी ८.८ गुण दिले होते, नोकरीत आल्यावर २.८. त्यांची मागणी आठवड्याला ऐंशी तासांची कमाल मर्यादा घालावी एवढीच होती. आठ तासांसाठी शिकागोत रक्त सांडले त्याला १३५ वर्षे झाल्यावर ही मागणी पुढे आली, आणि तीही भीतभीतच. शनिवारचा नियम कसोशीने पाळण्याचे आश्वासन बँकेने दिले. उन्हाळ्यात तिने पहिल्या वर्षाचे मूळ वेतन ८५,००० डॉलरवरून १,१०,००० डॉलर केले. झोप मागितली, पैसे मिळाले. मागणाऱ्यांतील कित्येकांचे त्यावर समाधानही झाले असेल. पण त्यामुळे रात्र एक तासानेही लांबली नाही.

मे २०२४ मध्ये न्यूयॉर्क येथे बँक ऑफ अमेरिकाचा एक ३५ वर्षांचा असोसिएट हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन मरण पावला. मृत्यूपूर्वी एका मोठ्या विलीनीकरणावर तो आठवड्याला शंभराहून अधिक तास काम करीत होता, असे वृत्त आले. येथेही कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही. मात्र पुढील काही महिन्यांत वृत्तपत्रीय शोधातून अशी माहिती बाहेर आली की तास नोंदविण्याची व्यवस्था असतानाही कनिष्ठांना प्रत्यक्षाहून कमी तास लिहिण्यास वरिष्ठ सांगत. सप्टेंबर २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने ऐंशी तासांची मर्यादा घातली, आणि सौदा प्रत्यक्ष चालू असेल तर ती लागू राहणार नाही असेही ठेवून दिले. सौदा चालू नसताना मर्यादा कशाला हवी होती, हे विचारणारे तेथे कोणी नव्हते.

अकरा वर्षांच्या या इतिहासात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. नियम करणारे वरिष्ठ कदाचित प्रामाणिकही असतील. पण ज्याला जादा तासांचा लाभ होतो त्याच्याच वहीत तासांची नोंद असेल तर वही खरी बोलत नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टर हा प्राणी निर्माण झाला तो याच कारणाने. मालकाच्या घड्याळावर विश्वास ठेवून इंग्लंडमध्ये एकही कारखाना कायद्याप्रमाणे चालला नव्हता.

कायद्याची स्थिती काय आहे? ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनी सरासरी ४८ तासांचा आठवडा ठरविला. पण कामगाराने लेखी संमती दिली तर ही मर्यादा त्याच्यापुरती उठते. नोकरी हवी असणाऱ्याने त्या कागदावर स्वेच्छेने सही करावी, असे गृहीत धरले आहे. मौज अशी की त्या सहीने दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग अकरा तास विश्रांती देण्याचा नियम रद्द होत नाही. त्यातून सूट आहे ती ज्यांचे तास कोणी मोजत नाही, जे आपला वेळ स्वतः ठरवितात, अशा उच्चाधिकाऱ्यांना. पहाटे तीनला तळटीपा सरळ करणारा उमेदवार आपला वेळ स्वतः ठरवितो, असे म्हणावयास बरेच धैर्य लागेल. तरीही तो नियम त्या कचेऱ्यांच्या दारातच थांबलेला दिसतो.

महाराष्ट्रात २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास या मर्यादा त्यात घातल्या गेल्या. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना त्यातून सूट आहे. विलीनीकरणाच्या कागदांना हात लावणारा प्रत्येकजण 'गोपनीय' ठरविता येतो, हे सांगावयास वकील लागत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका जागतिक लेखापरीक्षण संस्थेशी संलग्न कचेरीत चारच महिने काम केलेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मरण पावली. तिच्या आईने कामाच्या ताणाविषयी संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला, हे संस्थेने नाकारले. त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याने तपासणी केली तेव्हा वेगळीच गोष्ट उघडकीस आली. २००७ पासून चालू असलेल्या त्या कचेरीची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. अर्ज केला गेला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. सतरा वर्षे तेथे तास मोजण्यास कोणी गेले नव्हते, कारण कायद्याच्या लेखी ती कचेरी अस्तित्वातच नव्हती. आणि यानंतर वर्षभरात शासनाने काय करावे? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास मंजुरी दिली. वरच्या मजल्यावर मोडलेली मर्यादा खाली कशी उतरते, याचे उदाहरण शोधण्यासाठी लंडनला जाण्याची गरज उरली नाही.

बौद्धिक काम तासांत मोजता येत नाही, असा एक युक्तिवाद सुशिक्षितांना फार पटतो. गिरणीकामगारांबद्दलही एके काळी असेच काही बोलले जाई. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांनिशी रविवारची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली, तेव्हा यंत्र थांबविणे परवडत नाही असे उत्तर तयार होते. रविवार मिळाला तो १८९० च्या १० जूनला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. बारा तासांची मर्यादा घालण्यास १९११चा कायदा यावा लागला. दिव्याने जे गिरणीत केले ते खिशातील दूरध्वनीने कचेरीत केले आहे. घरी गेलेल्या उमेदवाराचाही पाठलाग करता येतो.

परंतु याहून जवळचे उदाहरण बँकांतच आहे. खतावणी जुळल्याशिवाय कारकुनाने घरी जावयाचे नाही, हा फोर्टमधील बँकांचा दंडक होता. बँकेचे काम हे विश्वासाचे काम, ते घड्याळावर कसे चालेल, असे त्या कारकुनांना सांगितले जाई, आणि आपण कामगार नाही, साहेबांच्या पंक्तीचे आहोत, असे त्यांतील अनेकांना वाटेही. १९४६ मध्ये कलकत्त्यात ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन स्थापन झाली. १९५३च्या शास्त्री निवाड्याने वेतनश्रेणींबरोबर कामाचे तास आणि जादा कामाचा मोबदलाही ठरवून दिला. ते काम पांढरपेशांचे म्हणून चळवळीने तेव्हा नाक मुरडले असते तर हे घडले नसते. २०२४ मध्ये कर्नाटकात माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रासाठी चौदा तासांच्या दिवसाचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा तेथील त्या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांच्या संघटनेने रस्त्यावर येऊन विरोध केला आणि तो प्रस्ताव मागे पडला. पुण्यातही अशा संघटना काम करीत आहेत. त्यांच्या घटनेत दोन महिन्यांच्या उमेदवाराला सभासद करून घेण्याची तरतूद आहे काय, आणि नसेल तर ती करण्यास काय अडचण आहे, हे त्यांच्याशी संबंध असलेल्या कार्यकर्त्यांनी येत्या उन्हाळ्यापूर्वी पाहावे.